विस्मृतींतून परतलेली तबकडी

एखादी तबकडी खपली नाहीं असें कळलें, कीं ती लोकांस आवडली नसावी हा निष्कर्ष सहज काढला जातो. परंतु न खपणें आणि दुकानापर्यंतच न पोहोंचणें ह्या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. हा भेद न पाहिल्यास गुणी माणसांवर इतिहासाच्या नांवानें अन्याय होतो. अमेरिकेंतील मेम्फिस शहरच्या ‘बिग स्टार’ नामक बँडची कथा ह्या दृष्टीनें विचार करण्यासारखी आहे.

मिसिसिपी नदीच्या कांठचें मेम्फिस हें संगीताचें जुनें माहेरघर. एल्व्हिस प्रेस्लेचीं पहिलीं ध्वनिमुद्रणें तेथेंच झालीं, आणि ‘स्टॅक्स’ कंपनीनें कृष्णवर्णीय गायकांचें ‘सोल’ संगीत तेथूनच जगापुढें ठेविलें. त्याच शहरीं जॉन फ्राय ह्या गृहस्थांचा ‘आर्डेंट’ नांवाचा स्टुडिओ होता. तेथें १९७१ च्या सुमारास क्रिस बेल, अॅलेक्स चिल्टन, अँडी हमेल आणि जोडी स्टीव्हन्स हे चार तरुण एकत्र आले. किराणा मालाच्या दुकानांच्या एका साखळीचें नांव त्यांनीं आपल्या बँडला घेतलें. चौघांपैकीं चिल्टन पूर्वींच नांवारूपास आला होता. १९६७ मध्यें, वयाच्या सोळाव्या वर्षीं, ‘बॉक्स टॉप्स’ बँडबरोबर त्यानें गायिलेलें ‘द लेटर’ हें गाणें अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर पोहोंचलें होतें.

ह्या चौघांच्या संगीतास पुढें ‘पॉवर पॉप’ म्हणूं लागले. हा शब्द ‘द हू’ बँडच्या पीट टाउनशेंड ह्यानें १९६७ मध्यें प्रथम वापरला. बीटल्ससारखी गोड व आटोपशीर चाल, एकमेकांत मिसळणारे कंठस्वर, आणि त्यांच्या जोडीला विजेच्या गिटारचा खणखणीत जोर, असें ह्या संगीताचें स्थूल स्वरूप सांगतां येईल. मात्र १९७२ च्या सुमारास लांबलचक वादनाचें युग चालू होतें, आणि तीन-चार मिनिटांचें नेटकें गाणें जुनाट मानलें जाऊं लागलें होतें. अशा काळीं बिग स्टारची पहिली दीर्घ तबकडी ‘नंबर वन रेकॉर्ड’ प्रसिद्ध झाली.

समीक्षकांनीं तिची मनापासून स्तुति केली. घोडें अडलें तें वितरणापाशीं. तबकडी स्टॅक्सच्या मार्फत बाजारांत जावयाची होती; पण सोल संगीताच्या दुकानदारांशीं ज्या कंपनीचा संबंध, तिला गोऱ्या तरुणांचा हा माल कोठें न्यावा हें उमगेना. पुढें स्टॅक्सनें वितरणाचें काम ‘कोलंबिया’ ह्या बलाढ्य कंपनीकडे सोंपविलें. त्यामुळें जुने छोटे वितरक दूर झाले आणि नवी व्यवस्थाही नीट बसली नाहीं. कोलंबियाचे ज्या क्लाइव्ह डेव्हिस ह्यांनीं हा करार जमविला, त्यांना १९७३ मध्यें पदावरून दूर करण्यांत आलें, आणि दोन्ही कंपन्यांचे संबंध बिघडत गेले. वर्तमानपत्रांतील स्तुति वाचून दुकानांत जाणाऱ्या ग्राहकास रिकाम्या हातीं परतावें लागे. पहिल्या तबकडीच्या दहा हजार प्रतीही खपल्या नाहींत असें सांगतात.

ह्या अपयशानें बेल खचला आणि १९७२ अखेर बँड सोडून गेला. उरलेल्या तिघांनीं केलेली ‘रेडिओ सिटी’ ही तबकडी १९७४ मध्यें निघाली. तिच्याही वाट्यास तेंच आलें. त्याच वर्षीं जिम डिकिन्सन ह्यांच्या साहाय्यानें तिसरी तबकडी मुद्रित झाली, पण ती घेण्यास कोणी कंपनी पुढें येईना. डिसेंबर १९७५ मध्यें स्टॅक्सचेंच दिवाळें निघालें. बँड त्यापूर्वींच मोडला होता.

तथापि जीं थोडीं माणसें ह्या तबकड्यांपर्यंत पोहोंचलीं, त्यांनीं त्या हातोहात पुढें दिल्या. १९७८ मध्यें इंग्लंडांत पहिल्या दोन तबकड्या एकत्र पुनः प्रसिद्ध झाल्या आणि तिसरीलाही अखेर प्रकाशक मिळाला. १९८६ मध्यें ‘बँगल्स’ ह्या लॉस एंजेलिसच्या स्त्रियांच्या बँडनें ‘सप्टेंबर गर्ल्स’ हें त्यांचें गाणें गायिलें. १९८७ मध्यें ‘रिप्लेसमेंट्स’ बँडनें तर चिल्टनच्याच नांवाचें गाणें रचिलें.

पुढें कॉम्पॅक्ट डिस्कचा काळ आला. जुन्या मुद्रणाचा खर्च पूर्वींच होऊन गेलेला असल्यानें, मूळ ध्वनिफीत हातीं असली कीं थोड्या भांडवलांत ती पुनः विकतां येई. म्हणून कंपन्या आपलीं जुनीं कोठारें धुंडाळूं लागल्या. १९९२ मध्यें पहिल्या दोन तबकड्या एका डिस्कवर निघाल्या, आणि तिसरीही नव्यानें प्रसिद्ध झाली. वीस वर्षांपूर्वीं ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशांनीं तीं गाणीं प्रथम ऐकलीं. २५ एप्रिल १९९३ रोजीं चिल्टन व स्टीव्हन्स ह्यांनीं दोन तरुण सहकारी घेऊन मिसूरी विद्यापीठांत पुनः बिग स्टार म्हणून वादन केलें.

त्या व्यासपीठावर क्रिस बेल नव्हता. बँड सोडल्यावर त्यानें एकट्यानें कांहीं गाणीं मुद्रित केलीं. मधल्या काळांत उपजीविकेसाठीं तो वडिलांच्या उपाहारगृहांत काम करी. हयातींत त्याची एकच छोटी तबकडी, ‘आय अॅम द कॉसमॉस’, १९७८ मध्यें निघाली. त्याच वर्षीं २७ डिसेंबरला मोटारीच्या अपघातांत तो सत्ताविसाव्या वर्षीं मरण पावला. त्याच्या एकट्याच्या गाण्यांचा संग्रह प्रसिद्ध होण्यास १९९२ साल उजाडावें लागलें. चिल्टन व हमेल हे दोघेही २०१० मध्यें निवर्तले. चिल्टनला निदान आपल्या गाण्यांचा गौरव पाहावयास मिळाला.

पुनःप्रकाशनानें न्याय झाला असें म्हणण्याचा मोह होतो. पण ऐकणाऱ्यांस जें मिळालें तें निर्मात्यास मिळालें असें नाहीं, हें बेलच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसतें. शिवाय बिग स्टारच्या मूळ फिती जपून राहिल्या, कांहीं जाणत्या माणसांनीं त्यांचें नांव जिवंत ठेविलें, म्हणून आज ही कथा सांगतां येते. ज्यांच्या फिती पुसल्या गेल्या किंवा भंगारांत गेल्या, त्यांची कथा सांगणारें कोणी उरलें नाहीं. म्हणून जुन्या काळाची आवड-निवड ठरवितांना खपाचा आंकडा पाहावा, पण त्या वस्तूची पेटी दुकानांत उघडली गेली होती कीं नाहीं हें त्याआधीं विचारावें.