टी-शर्ट, पोलीसकाका आणि दहा वर्षांनी आलेला निकाल

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग.

शाळेत व्यसनमुक्तीचं व्याख्यान तुम्ही ऐकलंच असेल. पाहुणे येतात, काळ्या फुप्फुसाचं चित्र दाखवतात, सगळे शपथ घेतात. मग टाळ्या. पण त्याचा उपयोग होतो का? हे कुणी मोजलंय का? मोजलंय, आणि त्याची गोष्ट भारी आहे.

साल १९८३, लॉस एंजेलिस. पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स आणि तिथल्या सरकारी शाळांनी मिळून एक कार्यक्रम सुरू केला. नाव डेअर, म्हणजे ड्रग अब्यूज रेझिस्टन्स एज्युकेशन. गणवेशातला पोलीस पाचवी-सहावीच्या वर्गात यायचा, १७ तास घ्यायचा. ड्रग्ज काय करतात, 'नाही' कसं म्हणायचं, हे शिकवायचा. शेवटी समारंभ आणि टी-शर्ट. पालक खूश, शिक्षक खूश, नेते तर खूशच. बघता बघता डेअर अमेरिकेतल्या बहुतांश शाळा-जिल्ह्यांत पोचलं.

मग संशोधक आले. १९९४ मध्ये तोवरच्या चांगल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा छापून आला. मुलांची माहिती वाढली होती. पण प्रत्यक्ष व्यसनावरचा परिणाम? जवळपास नाहीच. ज्या कार्यक्रमांत मुलं स्वतः बोलतात, सराव करतात, ते याहून बरे ठरले.

खरा धक्का बसला १९९९ मध्ये. केंटकी राज्यात जी मुलं सहावीत होती, त्यांना संशोधकांनी दहा वर्षांनी, विशीत असताना पुन्हा गाठलं. अशी हजारेक मुलं होती. काहींच्या शाळेत डेअर झालं होतं, काहींच्या शाळेत फक्त नेहमीचे आरोग्याचे तास. सिगारेट, दारू, गांजा, सगळं विचारलं. दोन्ही गटांत म्हणावा असा फरकच नाही!

मग इतके लोक खूश का होते? कारण साधं आहे. लहान मुलाला ताप येतो, आजी मीठ-मोहऱ्यांनी नजर काढते, दोन दिवसांत ताप उतरतो. तो तसाही उतरणारच होता ना? तसंच हे. बहुतेक मुलं ड्रग्जच्या वाटेला मुळात जातच नाहीत. डेअर झालेला मुलगा सरळ राहिला की आईबाबांना वाटायचं, डेअरमुळेच. नजर न काढलेला मुलगा शेजारी उभा केला, तरच खरं कळतं. संशोधनात त्यालाच तुलना गट म्हणतात.

म्हणजे पोलीस गेले, शिक्षक आले, की काम झालं? तसंही नाही बरं का. वॉशिंग्टन राज्यात ४० शाळा-जिल्ह्यांपैकी निम्म्यांत तिसरी ते बारावी धूम्रपानविरोधी धडे दिले, आणि तेही प्रशिक्षित शिक्षकांनी. आठ हजारांहून जास्त मुलं, १५ वर्षांचं काम. निकाल २००० च्या डिसेंबरमध्ये आला: फरक शून्य.

उलट १९९५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ५६ शाळांचा निकाल आशादायक होता. तिथे गिल्बर्ट बोटविन यांनी 'जीवनकौशल्यं' शिकवली होती: ताण कसा हाताळायचा, निर्णय कसा घ्यायचा, मित्रांच्या आग्रहाला उत्तर काय द्यायचं. सातवीत सुरुवात, आठवी-नववीत उजळणी. बारावीपर्यंत फरक टिकला, आणि ज्यांना धडे बऱ्यापैकी पूर्ण मिळाले त्यांच्यात जास्त दिसला. पण इथेही डोळे उघडे ठेवा. कार्यक्रम बोटविन यांचा आणि परीक्षकही तेच!

आपल्याकडेही असं मोजमाप झालंय. २००४ ते २००६ मध्ये दिल्ली आणि चेन्नईच्या ३२ शाळांत 'मायट्री' नावाचा प्रकल्प झाला. सहावी आणि आठवीची मुलं, विषय तंबाखू. वर्गातलीच मुलं गटप्रमुख होऊन खेळ-चर्चा घ्यायची. दोन वर्षांत तुलनेच्या शाळांत तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला, प्रकल्पाच्या शाळांत १७ टक्क्यांनी घटला.

आणि डेअरचं काय झालं? आधी त्यांनी संशोधकांशी भांडण केलं. पण सरकारी निधीसाठी पुरावा मागितला जाऊ लागला, तसा सूर बदलला. २००९ पासून त्यांनी जुना अभ्यासक्रम बाजूला ठेवून संवाद आणि निर्णय शिकवणारा नवा घेतला. नाव तेच, आतला माल वेगळा.

मला या गोष्टीत सगळ्यात खटकतं ते एकच. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. पण ज्या मुलांना खरोखर मदत हवी होती, त्यांच्या वाट्याला इतकी वर्षं फक्त टी-शर्ट आला.

तर पुढच्या वेळी तुमच्या शाळा-कॉलेजात असा कार्यक्रम झाला, तर टाळ्या जरूर वाजवा. मग हात वर करून एक प्रश्न विचारा: 'सर, याचा उपयोग झाला की नाही, हे तुम्ही कसं तपासणार?'

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!