उसने डोळे: ड्रोनच्या गॉगलची कुळकथा

मुनिरका, बेर सराय, जिया सराय या दक्षिण दिल्लीच्या पट्ट्यात भाड्याच्या खोल्यांमधून राहणारी मराठी मुलं कमी नाहीत. कुणी जेएनयूत, कुणी आयआयटीत, कुणी यूपीएससीच्या मागे. त्यांतल्या एखाद्याला ड्रोन उडवण्याचं वेड लागलं, की कधी ना कधी गॉगल घ्यायची वेळ येते आणि चर्चा हमखास एकाच मुद्द्यावर अडकते: चित्र किती मोठं दिसतं आणि किती स्वच्छ दिसतं. हा प्रश्न सिनेमा बघणाऱ्याचा आहे. ड्रोनच्या गॉगलचा मूळपुरुष सिनेमागृहातला नाही, तो युद्धभूमीवरचा आहे. त्याला मोठं चित्र नको होतं. स्वतः जागेवर बसून डोळे मात्र दुसरीकडे पाठवायचे होते.

1934 साली व्लादिमिर झ्वोरिकिन या टेलिव्हिजनच्या एका जनकाने अमेरिकेत एक प्रस्ताव लिहिला. उडत्या टॉर्पेडोच्या नाकावर टेलिव्हिजनचा कॅमेरा बसवायचा आणि दूर बसलेल्या माणसाने चित्र बघत तो लक्ष्यावर न्यायचा. दहा वर्षांनी, 1944च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, अमेरिकी नौदलाने सॉलोमन बेटांच्या लढाईत हे करून दाखवलं. विमानाचं नाव टीडीआर-1. त्याचं कवच लाकडी होतं आणि ते घडवणाऱ्यांत ऑर्गन आणि ज्यूकबॉक्ससाठी प्रसिद्ध असलेली वुर्लिट्झर कंपनीही होती. कुळकथेत असे अनपेक्षित सोयरे निघतातच. मागून येणाऱ्या अव्हेंजर विमानात चालक बसे. त्याच्यासमोर पाच इंचांचा हिरवट पडदा आणि उजेड आत येऊ नये म्हणून डोक्यावरून काळं कापड. आज गॉगलच्या कडेला जी स्पंजची किनार असते, तिचं काम त्या कापडाचंच. ती किनार नाकाशी नीट बसली नाही आणि दुपारच्या उन्हाची एक तिरीप आत शिरली, की महागातला महाग पडदा निकामी ठरतो. म्हणून गॉगल तपासताना पहिलं बोट त्या किनारीवर फिरवावं.

गॉगल दिसायला मात्र वेगळ्याच घराण्यावर गेला आहे. 1838 साली चार्ल्स व्हीटस्टनने स्टिरिओस्कोप मांडला, 1849 मध्ये डेव्हिड ब्रूस्टरने भिंगं बसवून तो हातात धरण्याजोगा केला. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत नंतर व्ह्यू-मास्टर आला तो याच वंशातला. दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं द्यायची, म्हणजे मेंदू खोली रचतो. गंमत अशी, की ड्रोनच्या गॉगलला दोन भिंगं असली तरी ही करामत तो करत नाही. ड्रोनवर कॅमेरा एकच असतो, दोन्ही डोळ्यांना तेच सपाट चित्र मिळतं. जोड-कॅमेऱ्याचे प्रयोग झाले, पण वजन वाढतं आणि दुप्पट चित्र हवेतून पाठवावं लागतं, त्यामुळे ते रुजले नाहीत. फांदी किती लांब आहे हे उडवणारा खोलीवरून नव्हे, ती किती झपाट्याने मोठी होते त्यावरून ओळखतो. म्हणजे त्याला हवा असतो तो चित्राचा ताजेपणा, खोली नव्हे.

तिसरी शाखा 1961ची. फिल्को कंपनीच्या कॉमो आणि ब्रायन या अभियंत्यांनी ‘हेडसाइट’ बनवला: शिरस्त्राणावर पिक्चर ट्यूब, दूर कुठेतरी कॅमेरा, आणि मान वळेल तसा तोही वळणार. त्याच दशकात बेल हेलिकॉप्टर कंपनीने हेलिकॉप्टरच्या पोटाखाली अवरक्त कॅमेरा टांगून तो वैमानिकाच्या मानेशी जोडला. तिथली एक हकिगत अनेकदा सांगितली जाते. कॅमेरा गच्चीवर होता आणि बघणारा इमारतीत खुर्चीवर. गच्चीवर चेंडू झेलत असलेल्यांपैकी एकाने चेंडू कॅमेऱ्याकडे भिरकावला, तर खाली खुर्चीतल्या माणसाने डोकं वाकवलं. एफपीव्हीचं, म्हणजे ड्रोनच्या नजरेतून उडवण्याचं, सगळं सुख आणि सगळा धोका त्या वाकलेल्या डोक्यात आहे. आयव्हन सदरलंडने ही कल्पना पाहिली होती. 1968 साली त्याने कॅमेऱ्याच्या जागी संगणक जोडला आणि तिथून व्हर्च्युअल रिॲलिटीची वाट फुटली. ती वाट इथे सोडून देऊ. तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

घरगुती गॉगल आला तो मात्र सिनेमाच्याच मिषाने. सोनीने 1996 मध्ये ‘ग्लासट्रॉन’ काढला, एकट्याने पडदा बघण्यासाठी. तो विमानांच्या छांदिष्टांनी उचलला. मॉडेल विमानावर छोटा कॅमेरा आणि ट्रान्समीटर चिकटवून त्यांनी तो डोळ्यांवर चढवला. ही गरज ओळखून ग्रेग फ्रेंच यांनी ‘फॅट शार्क’ कंपनी उभी केली आणि खास उडवणाऱ्यांसाठी गॉगल होऊ लागले. 2010च्या अखेरीस ‘टीम ब्लॅकशीप’च्या राफाएल पिर्करने न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेभोवती विमान फिरवल्याची चित्रफीत जगभर गेली. 2016च्या मार्चमध्ये दुबईच्या ड्रोन-शर्यतीत ल्यूक बॅनिस्टर या पंधरा वर्षांच्या मुलाच्या संघाने अडीच लाख डॉलरचं बक्षीस मारलं. धंदा स्थिरावला.

याच काळात घराण्याचे दोन भाग झाले. एकात नखाएवढे दोन पडदे आणि त्यांवर दोन भिंगं. आटोपशीर, हलका, पण डोळ्यांतलं अंतर जुळलं नाही तर डोकं धरणारा. दुसरा म्हणजे सरळ डबा: मोबाइलच्या आकाराचा एकच पडदा आणि समोर मोठं भिंग. तोंडावर तो बेढब दिसतो, पण बराच स्वस्त पडतो आणि अनेक डब्यांत चष्म्यासकट डोळे मावतात. नवशिक्याने डब्याला नाक मुरडू नये असं माझं मत आहे. 2022 पासून युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंचे सैनिक साध्या बाजारी गॉगलांनी ड्रोन लक्ष्यावर नेत आहेत. झ्वोरिकिनचा टॉर्पेडो फिरून घरी आला, असं म्हणायचं. आपल्याकडे नागपूरचं ‘नागास्त्र-1’ त्याच कुळातलं. कॅमेऱ्याने लक्ष्य शोधून त्यावर झेप घेणारं. लष्कराला ते 2024 मध्ये मिळालं.

आता खरा मुद्दा, वेळेचा. ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणारा ड्रोन सेकंदाला जवळपास 28 मीटर कापतो. 2019 साली डीजेआयने डिजिटल यंत्रणा आणली तेव्हा कंपनीने चित्र 28 मिलिसेकंदांत पोचतं असं सांगितलं. एवढ्या वेळातही ड्रोन पाऊण मीटरहून जास्त पुढे गेलेला असतो. तुम्ही कायम भूतकाळ बघत उडवत असता. तो भूतकाळ किती जुना, एवढंच विकत घेता येतं. जुनी ॲनालॉग यंत्रणा चित्राने गरीब, पण ताजी. सिग्नल ढासळू लागला की तिच्यात मुंग्या येतात, पट्टे येतात, आणि मागे फिरायची सूचना मिळते. डिजिटल चित्र बहुधा शेवटपर्यंत देखणं राहतं आणि मग अचानक गोठतं. शिवाय डीजेआय, एचडीझीरो, वॉकस्नेल ही डिजिटल घराणी एकमेकांत सोयरीक करत नाहीत. एकाच्या गॉगलमध्ये दुसऱ्याचा ड्रोन दिसत नाही. म्हणून आधी यंत्रणा ठरवायची, गॉगल मागून.

भारतात हे जास्तच लागू पडतं. 9 फेब्रुवारी 2022च्या अधिसूचनेने तयार ड्रोनची आयात बंद झाली, जुळणीसाठी येणारे संचही बंद झाले. सुटे भाग मात्र चालतात. त्यामुळे हौशी माणूस लजपत राय मार्केट, नेहरू प्लेस आणि ऑनलाइन दुकानं धुंडाळत भागाभागाने ड्रोन जुळवतो, आणि गॉगलची निवड त्याच्या एकट्याच्या डोक्यावर येते.

मुनिरक्यात तर तो उडवणार कुठे? इंदिरा गांधी विमानतळ हाकेच्या अंतरावर. 2021च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत हिरवा झोन नाहीच. परवानगीशिवाय तिथे आभाळ बंद. 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टच्या आगेमागे दिल्ली पोलीस वेगळी मनाई काढतात ती निराळीच, आणि 15 ऑगस्टला तर इथल्या गच्च्यांवरून पतंगांची लढाई चालते, मांज्यात पंखा अडकायचा तो वेगळा. कागदपत्रं बाजूला ठेवली तरी वस्तीची ठेवण आड येते. चार-पाच मजली घरं एकमेकांना खेटलेली, मजल्यामजल्यावर वायफायचे राउटर. ॲनालॉग ड्रोनचं चित्र 5.8 गिगाहर्ट्‌झवर जातं आणि वायफायचे वरचे चॅनेल नेमके तिथेच वसलेले. चित्र मळतं ते गॉगलच्या दोषाने नव्हे, शेजाऱ्याच्या राउटरने.

त्यामुळे इथे सराव म्हणजे संगणकावरचा सिम्युलेटर, नाहीतर खोलीतल्या खोलीत खुर्च्यांच्या पायांमधून फिरणारा तळहाताएवढा ‘टायनी हूप’. दोन्हींसाठी महागडा गॉगल लागत नाही. आणि फोटोच काढायचे असतील तर तो मुळीच लागत नाही. ‘थ्री इडियट्स’ (2009) मधला चार पंख्यांचा ड्रोन आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी उभ्या केलेल्या आयडियाफोर्जने बनवला होता. त्या प्रसंगात चित्र दिसतं ते साध्या पडद्यावर. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली, तीही डोळ्यांवर काही न चढवता. आखलेल्या वाटेवर संथ जाणाऱ्या कॅमेऱ्याला हातातला पडदा पुरतो. गॉगल हवा तो झाडांच्या, खांबांच्या, दारांच्या मधून वेगाने जाणाऱ्याला. त्यानेही शेजारी उघड्या डोळ्यांचा सोबती उभा करावा. अमेरिकेत हौशी उडवणाऱ्यांना तशी सक्ती आहे.

एवढं सगळं होऊनही गॉगल घ्यायचाच असेल, तर दुकानात जाण्याआधी गल्लीतल्या चष्मेवाल्याकडे जा. नंबर तपासून घ्या आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून मागा. ते याला पीडी म्हणतात. डीजेआयच्या ‘गॉगल्स 2’मध्ये हे अंतर 56 ते 72 मिलिमीटर आणि नंबर उणे 8 ते अधिक 2 एवढाच जुळवता येतो. तुमचा आकडा त्याच्या बाहेर असेल, तर तो गॉगल तुमच्यासाठी नाही. डबा बघा.