विस्मृतीचा वारसा

दक्षिण अमेरिकेच्या वायव्य टोकाशीं कोलंबिया नांवाचें राष्ट्र आहे. त्याच्या अँतिओकिया प्रांतांत अँडीज पर्वताच्या रांगा पसरलेल्या असून त्यांच्या उतारांवर लहान लहान खेडीं वसलेलीं आहेत. मेदेयीन हें या प्रांताचें मुख्य शहर. या डोंगरांतील कांहीं घराण्यांत पिढ्यान् पिढ्या एक विलक्षण व्याधि वास करीत आलेली आहे. चाळिशी उलटलेला, शेतांत राबणारा धडधाकट मनुष्य हळूहळू विसरूं लागे. प्रथम तो बोललेलेंच पुन्हा बोले. मग ओळखीची वाट चुके. पुढें पोटच्या मुलांचीं नांवेंही त्यास आठवत नसत. आणि अखेर अंथरुणास खिळून तो अकालीं मरण पावे. बायकांचीही तीच गत होई. लोक या रोगास ‘ला बोबेरा’, म्हणजे खुळेपणा, असें म्हणत. कोणी त्यास शाप मानी, कोणी करणी मानी, तर कोणी अमुक एका झाडाचा स्पर्श त्यास कारण आहे असें सांगे. वैद्यकशास्त्रास मात्र या घराण्यांचा पत्ता नव्हता.

रोगाचें शास्त्रीय बारसें मात्र पूर्वींच, आणि तेंही फार दूर, जर्मनींत झालेलें होतें. १९०१ च्या नोव्हेंबरांत फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयांत आउगुस्ट नांवाची ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. डॉ. आलोइस अल्झायमर यांनीं तिला तिचें नांव विचारलें. तें तिनें बरोबर सांगितलें. पतीचें नांव विचारतांच तिनें पुन्हा स्वतःचेंच नांव उच्चारलें. १९०६ सालीं ती वारल्यावर अल्झायमर यांनीं तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. पेशींच्या बाहेर एका द्रव्याचीं पुटें साचलेलीं होतीं व पेशींच्या आंत तंतूंचा गुंता झालेला होता. त्याच वर्षीं ट्यूबिंगेन येथील सभेंत त्यांनीं हा शोध मांडला. परंतु जमलेल्या वैद्यांपैकीं कोणासही त्यावर एखादा प्रश्न विचारावा असें वाटलें नाहीं. १९१० सालीं क्रेपेलिन यांनीं आपल्या ग्रंथांत या रोगास अल्झायमर यांचें नांव दिलें. पुढें कित्येक दशकें हा मध्यम वयांतील एक दुर्मिळ रोग समजला गेला, आणि वृद्धांचें विसरणें हा वयाचाच धर्म मानला गेला. तें विसरणेंही बहुधा हाच रोग होय, असें रॉबर्ट काट्झमन यांनीं १९७६ सालीं निक्षून मांडलें, तेव्हां कोठें या प्रश्नाचा खरा आकार जगाच्या ध्यानीं आला.

याच सुमारास अँतिओकियांतील घराण्यांचा आणि शास्त्राचा संबंध जुळून आला. मेदेयीनच्या विद्यापीठांतील तरुण मज्जारोगतज्ज्ञ फ्रान्सिस्को लोपेरा यांच्यापुढें १९८४ सालीं एक रोगी आला. त्याचें वय पन्नाशीच्याही आंत होतें व त्याची स्मृति नाहींशी झालेली होती. त्याच्या वडिलांस व इतर आप्तांसही हेंच दुखणें झाल्याचें कळतांच लोपेरा खेड्यांकडे वळले. त्या काळीं तो प्रांत गनिमी टोळ्यांनीं आणि अंमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांनीं ग्रासलेला होता. प्रवास म्हणजे जिवाशीं खेळ होता. तरीही लोपेरा आणि त्यांच्या सहकारी परिचारिका घरोघर गेल्या, रोग्यांची चौकशी केली, आणि चर्चच्या दफ्तरांतील बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदी चाळून वंशवृक्ष जुळविले. निरनिराळीं वाटणारीं कुळें एकाच मूळ पुरुषाकडे जाऊं लागलीं. आज या विस्तीर्ण कुळांत सुमारें ६,००० माणसें आहेत. १९९५ सालीं या रोगाशीं निगडित असलेल्या प्रेसेनिलिन नांवाच्या एका जनुकाचा शोध लागला, आणि अँतिओकियांतील वारशाचें मूळ त्याच जनुकांतील एका सूक्ष्म बदलांत सांपडलें. आईबापांपैकीं एकाच्या ठायीं हा बदल असला, तर प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो.

शापाचें रूपांतर अशा रीतीनें ज्ञानांत झालें. परंतु उपायावांचून ज्ञान हें कधीं कधीं शापाहूनही जड होतें. रक्ताच्या एका थेंबावरून ज्याचें भवितव्य सांगतां येतें, त्यास तें सांगावें काय? ज्या घरांत आईला भरवावें लागतें व थोरला भाऊ वाट चुकूं लागला आहे, त्या घरांतील तिशीच्या मुलीस तें कळून काय लाभ? २०१३ सालीं क्रेनेझुमॅब या औषधाची चांचणी सुरू झाली, तेव्हां या प्रश्नास एक हृद्य उत्तर शोधण्यांत आलें. मेंदूंत सांचणाऱ्या अमायलॉइड नांवाच्या प्रथिनास रोग होण्यापूर्वींच आवर घालावा, असा त्या औषधाचा हेतु होता. कुळांतील २५२ निरोगी माणसें चांचणींत आलीं. त्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांशांत तो घातक बदल होता, उरलेल्यांत नव्हता; पण कोणाच्या अंगीं काय आहे हें कोणासही सांगितलें गेलें नाहीं. ज्यांना रोग व्हावयाचाच नव्हता, त्यांनींही वर्षानुवर्षें टोंचून घेतलें, तें केवळ औषधविरहित पाण्याचें. त्यांच्या सहभागामुळें इतरांचें रहस्य सुरक्षित राहिलें. एकाच घरांतील भावंडें एकाच खोलींत, एकमेकांचें प्राक्तन न जाणतां, शेजारीं शेजारीं बसत.

जून १९२२ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, जून २०२२ मध्यें निकाल बाहेर आला. औषधाचा निश्चित म्हणतां येईल असा गुण दिसला नव्हता. पांच ते आठ वर्षें आशेनें येणाऱ्या माणसांस ही वार्ता सांगावी लागली. तथापि हा प्रयत्न वायां गेला असें म्हणतां येत नाहीं. याच कुळांतील एका स्त्रीच्या ठायीं तो घातक बदल असूनही सत्तरी येईपर्यंत तिची बुद्धि शाबूत होती. तिच्या मेंदूंत अमायलॉइड विपुल होतें, परंतु तंतूंचा गुंता फार थोडा होता. दुसऱ्या एका जनुकांत आईबापांकडून मिळालेला दुहेरी बदल तिचें रक्षण करीत असावा, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरावरून त्यास नांव पडलेलें आहे. या बदलाची एकच प्रत असलेल्या २७ आप्तांस रोग सुमारें पांच वर्षें उशिरां गांठतो, असें २०२४ सालीं दिसून आलें. निसर्गानें स्वतःच एक वाट दाखविली; ती ओळखतां आली याचें कारण, त्या घराण्यानें आपलें रक्त, आपला इतिहास, आणि मरणोत्तर आपले मेंदूही शास्त्राच्या स्वाधीन केले होते.

इकडे अन्यत्र औषधांच्या इतिहासानें नवें पान उलटलें. २०२३ सालीं अमेरिकेंत लेकॅनेमॅब आणि २०२४ सालीं डोनॅनेमॅब या औषधांस मान्यता मिळाली. लेकॅनेमॅबच्या १,७९५ रोग्यांवरील चांचणींत, आरंभींच्या अवस्थेंतील रोग्यांची घसरण अठरा महिन्यांत सुमारें २७ टक्के मंदावली. हें औषध गेलेली स्मृति परत आणीत नाहीं. जाण्याची गति मात्र थोडी कमी करतें. मेंदूंस सूज येण्याचा वा रक्तस्राव होण्याचा धोका असल्यामुळें तें वारंवार तपासणी करूनच द्यावें लागतें. ज्या घरांत रोगी आहे, तेथें अशा वार्तेनें हर्ष व्हावा कीं हुरहुर लागावी, हें ठरविणें सोपें नाहीं; कारण रोग थोडा आवरला गेला तरी त्याचें ओझें वाहणारें माणूस तेंच असतें, बहुधा घरांतील पत्नी किंवा मुलगी.

२०२४ सालीं लोपेरा निवर्तले. रोगाचा बीमोड झालेला पाहण्याचें भाग्य त्यांना लाभलें नाहीं; पण ज्यास लोक शाप म्हणत, त्यास त्यांनीं शोधाचें रूप दिलें. औषधांचा इतिहास प्रयोगशाळांच्या नांवांनीं लिहिला जातो. वस्तुतः तो अशा घरांच्या अंगणांतही घडतो, जेथें उद्यां आपण विसरणार आहोंत कीं नाहीं हें ठाऊक नसतांनाही माणसें पुढच्या पिढीसाठीं हात पुढें करतात. एखादें गुणकारी औषध निघेल तेव्हां तें सर्वांआधीं त्यांच्या दारीं पोंचलें पाहिजे. जगास त्यांचें विस्मरण झालें, तर तो रोग रोग्यांस नव्हे, जगासच जडला असें म्हणावें लागेल.