गाठ, लाज आणि वाट : मराठवाड्यातील स्तनतपासणीचा इतिहास

शिरूर अनंतपाळ हा तालुका ज्या लातूर जिल्ह्यात मोडतो, तो 1982 साली उस्मानाबादपासून वेगळा झाला. या भागातील कर्करोगाचा इतिहास मात्र पश्चिमेच्या बार्शीकडे नेतो, जेथे 1987 साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी, म्हणजे ठरावीक प्रदेशातील प्रत्येक नव्या रुग्णाची पद्धतशीर नोंद, सुरू झाली आणि कर्मचारी गावोगाव लक्षणे समजावू लागले. स्तनातील न दुखणाऱ्या गाठीकडे होणारे दुर्लक्ष, पुरुष डॉक्टरांसमोरील संकोच, बुडणारी मजुरी आणि दूरचे रुग्णालय हे अडसर तपासणीच्या यंत्रांपेक्षा जुने होते. त्यामुळेच 1998 पासून मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकरवी स्तनांची हाताने तपासणी करण्याचा जो दीर्घ प्रयोग केला, त्याचे 2021 मधील निष्कर्ष मोलाचे ठरतात. पन्नाशीपुढील स्त्रियांतील स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले होते.