नैराश्य आणि विसरणं : आळस नव्हे, आजार

लातूरला नीटच्या क्लासला गेलेली मुलगी 'वाचलेलं काहीच लक्षात राहत नाही' म्हणू लागली की घरचे मोबाईलवर खापर फोडतात. नांदेडच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या पोराला 'जिद्द कमी पडते' असं ऐकवलं जातं. बाबासाहेबांच्या अठरा-अठरा तास अभ्यासाचा दाखलाही देऊन होतो. पण तीव्र नैराश्यात बिघाड जिद्दीत नसतो.

मुळात लक्षच लागत नाही. वाचलेलं मेंदूत नीट नोंदलंच गेलं नाही, तर आठवणार कुठून? विचारांचा वेग मंदावतो, भाजी कोणती आणायची हेही ठरत नाही. तेच ते विचार घोळत राहतात आणि अभ्यासाची जागा अडवतात.

आठवणींचंही तसंच. अपयश, अपमान चटकन आठवतात. चांगलं काही विचारलं तर उत्तर मोघम येतं. १९८६ मध्ये विल्यम्स आणि ब्रॉडबेंट या संशोधकांना आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांत हेच दिसलं. पूर्वी अडचणीतून कसे निघालो होतो, तो नेमका प्रसंगच हाताशी येत नाही. मग मार्गच उरला नाही असं वाटतं. म्हणून 'लक्षात राहत नाही' ही तक्रार आम्ही हलक्यात घेत नाही. जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ विचारतो. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे.

वयस्कर माणसांत हे विसरणं स्मृतिभ्रंशासारखं दिसू शकतं. थायरॉईड किंवा बी-१२च्या कमतरतेनेही असं होतं, त्यामुळे रक्त तपासून घ्यावं.

आपल्याकडे अशा वेळी विपश्यनेचा सल्ला हमखास मिळतो. ध्यानाला आमचा विरोध नाही. पण तीव्र नैराश्यात दहा दिवसांचं मौन शिबिर हा उपचार नव्हे. शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराची माहिती विचारतात, ती लपवू नये.

औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे किंवा थोडा जास्त वेळ लागतो. मन सावरलं तरी एकाग्रता काहींत उशिरा परतते, म्हणून 'गोळीचा उपयोग नाही' म्हणत ती मध्येच सोडू नये. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. दवाखान्यात सोबत कुणीतरी जावं आणि डॉक्टरांचं सांगणं लिहून घ्यावं, कारण रुग्णाच्या ते लक्षात राहीलच असं नाही.