इबादान आणि बल्लभगड : अल्झायमरच्या जनुकाची पडताळणी

१९९३ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात अ‍ॅलन रोझेस यांच्या गटाने ‘एपीओई’ या जनुकाचा उतारवयातील अल्झायमरशी असलेला संबंध उघड केला. शरीरात मेदाची ने-आण करणाऱ्या एका प्रथिनाची घडण ठरवणारे हे जनुक ई-२, ई-३ आणि ई-४ अशा तीन रूपांत आढळते, आणि प्रत्येकाला त्याची एक प्रत आईकडून, तर दुसरी वडिलांकडून मिळते. हा आजार ज्यांच्यात वारंवार दिसला होता अशा ४२ कुटुंबांत ई-४च्या प्रती वाढत गेल्या तसा धोका २० टक्क्यांवरून ९० टक्क्यांपर्यंत चढला आणि आजार सुरू होण्याचे सरासरी वय ८४ वरून ६८ वर उतरले. हे आकडे रोगाने आधीच ग्रासलेल्या घराण्यांतले होते, आणि त्या काळचे बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर होत असल्याने ते साऱ्या मानवजातीला लागू पडतात असे मानण्यास फारसा आधार नव्हता.

त्याच सुमारास नायजेरियातील इबादान शहरात बेंजामिन ओसुंटोकुन आणि अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे ह्यू हेन्ड्री यांनी एक जोडअभ्यास हाती घेतला होता. एका बाजूला योरुबा वृद्ध होते, तर दुसऱ्या बाजूला आफ्रिकी-अमेरिकी वृद्ध, ज्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना गुलाम म्हणून पश्चिम आफ्रिकेतून नेण्यात आले होते. खरी अडचण जनुकाची नव्हती, स्मरण तपासण्याची होती. कारण शाळेचे तोंड न पाहिलेल्या वृद्धाला कागद-पेन्सिलीची चाचणी जमली नाही, तर ते विस्मरण की निरक्षरता हे कळणार कसे? म्हणून कॅनडातील क्री आदिवासींमध्ये घडवलेली एक मुलाखतपद्धती वापरण्यात आली, जिच्यात वृद्धाला तर प्रश्न विचारले जातातच, शिवाय त्याच्या रोजच्या वागण्यात काय बदलले हे जवळच्या नातेवाइकाकडूनही जाणून घेतले जाते. या अभ्यासाचे निम्मे यश त्या मुलाखतीत आहे.

१९९५ साली, ओसुंटोकुन यांच्या निधनाच्याच वर्षी, नायजेरियातील वृद्धांत ई-४ आणि अल्झायमर यांचा संबंध आढळत नसल्याचे प्रसिद्ध झाले. २००१ मध्ये दोन्ही शहरांतील नव्या रुग्णांचे वार्षिक प्रमाण समोर आले : अल्झायमरचे प्रमाण योरुबांमध्ये १.१५ टक्के, तर इंडियानापोलिसमध्ये २.५२ टक्के होते. पुढे अधिक वर्षांच्या पाहणीतून योरुबांमध्येही ई-४च्या दोन प्रती असल्यास धोका वाढतो, एक प्रत असल्यास मात्र वाढ स्पष्ट दिसत नाही, असे निष्पन्न झाले. आपल्याच खळबळजनक निष्कर्षाला अशी मुरड घालणे हे या प्रकल्पाचे सर्वांत मोलाचे काम मानावे लागेल.

भारतात हरियाणातील बल्लभगड परिसरात विजय चंद्रा, मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरील ५,१२६ ग्रामस्थांची पाहणी केली. त्यांपैकी ७३.३ टक्के निरक्षर असल्यामुळे येथेही हिंदी चाचणी नव्याने बेतावी लागली. आजार विरळ होता, आणि अमेरिकेतील मोनोंगाहेला खोऱ्यात ई-४चे प्रमाण ११ टक्के असताना येथे ते ७ टक्केच होते. परंतु ई-४ आणि अल्झायमर यांच्यातील संबंधाची तीव्रता दोन्हीकडे सारखीच निघाली. एखादे रूप लोकसमूहात किती पसरले आहे आणि ते असलेल्या व्यक्तीवर त्याचा किती परिणाम होतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून ठळक झाले.

याउलट न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्स वस्तीत १९९८ साली असे दिसले, की ई-४ नसतानाही वयाच्या नव्वदीपर्यंत अल्झायमर होण्याचा धोका आफ्रिकी-अमेरिकींत गोऱ्यांच्या सुमारे चौपट, तर कॅरिबियन हिस्पॅनिकांत सुमारे दुप्पट होता. २०१८ मध्ये आफ्रिकी-अमेरिकी आणि पोर्तो रिकोतील लोकांच्या अभ्यासाने आणखी एक दुवा जोडला : मिश्र वंशाच्या व्यक्तीत एपीओईच्या आजूबाजूचा गुणसूत्राचा तुकडा आफ्रिकी पूर्वजांकडून आलेला असेल, तर त्यावरील ई-४चा धोका युरोपीय तुकड्यावरील ई-४पेक्षा कमी ठरतो.