‘बिझनेस’चं ‘पिजिन’ झालं तेव्हा

एकमेकांची भाषा न येणारी माणसं कामापुरती जी तिसरीच बोली तयार करतात, तिला भाषाशास्त्रात ‘पिजिन’ म्हणतात. गंमत अशी की हा भारदस्त शब्द म्हणजे आपल्या ‘बिझनेस’चाच चिनी उच्चार असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

1757 मध्ये चीनच्या बादशहाने युरोपीय व्यापाऱ्यांसाठी कँटन, म्हणजे आजचं ग्वांगझू, हे एकच बंदर उघडं ठेवलं. दोन वर्षांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या जेम्स फ्लिंटने थेट चिनी भाषेत तक्रार अर्ज दिला. त्याला तीन वर्षं कैद झाली आणि अर्जासाठी मदत करणाऱ्या चिनी माणसाला देहदंड. यापुढे परक्यांना चिनी शिकवणं म्हणजे जिवाशी खेळ. मग धंदा चालणार कसा? चिनी दलाल, दुकानदार आणि नोकरांनीच इंग्रजी शिकायची!

शाळा नाही, मास्तर नाही. 1825 साली तिथे पोचलेल्या विल्यम हंटर या अमेरिकन व्यापाऱ्याने आपल्या आठवणींत एका स्वस्त पुस्तिकेचं वर्णन केलंय. नाव ‘सैतानांची बोली’, मुखपृष्ठावर तिकोनी टोपीतला गोरा. आत चिनी शब्द आणि शेजारी त्याचा इंग्रजी उच्चार, तोही चिनी अक्षरांत. आपल्याकडे ‘हाऊ आर यू’ देवनागरीत लिहून पाठ करतात, तसंच.

कँटनच्या बोलीत शब्दाच्या शेवटी ‘स’ येत नाही, ‘झ’ तर नाहीच. त्यामुळे ‘बिझनेस’ झिजत झिजत ‘पिजिन’ झाला. पण झिजला तो उच्चार. अर्थ उलट पसरला. चिनी भाषेत काम, बाब, प्रकरण या सगळ्याला एकच शब्द चालतो, जवळपास आपल्या ‘काम’सारखा. तोच पैस ‘पिजिन’ला मिळाला. व्यापार म्हणजे पिजिन, कुणाची जबाबदारी म्हणजे त्याचं पिजिन, आणि देवधर्म म्हणजे ‘जॉस-पिजिन’. यातला ‘जॉस’ पोर्तुगीजांच्या देवावरून आलेला. मोजतानाही चिनी सवय कायम: ‘वन पीसी मॅन’. आपण ‘दहा नग’ म्हणतो ना, त्यातलाच प्रकार. परवान्याला आणि शिक्क्याला शब्द होता ‘चॉप’. तो आपल्या ओळखीचा निघतो, कारण त्याचं मूळ हिंदुस्थानी ‘छाप’.

या इंग्रजीची गोऱ्यांनी टिंगल केली, पण कँटनमध्ये उतरलेल्या नव्या गोऱ्याला तीच शिकावी लागे. लंडनचं शुद्ध इंग्रजी तिथे कामाचं नव्हतं.

पहिल्या अफू युद्धानंतर चित्र पालटलं. 1844 च्या वांगशिया तहाने अमेरिकनांना चिनी शिक्षक ठेवायची मुभा दिली. 1862 मध्ये मिशनरी शाळेत शिकलेल्या तांग थिंगशूने सहा खंडांचं इंग्रजी शिकवणारं पुस्तक काढलं. त्याने व्यवस्थित इंग्रजी दिलंच, पण सोबत कँटनची बोलीही नोंदवली. बाजारात तिचं चलन होतं, हे त्याला ठाऊक होतं.

पुढे हाच शब्द इंग्रजांच्या घरात शिरला. ‘हे माझं काम नाही’ अशा अर्थाने ते ‘नॉट माय पिजन’ म्हणू लागले आणि स्पेलिंग चक्क कबुतराचं करू लागले.

ऑफिसच्या कॉलवर कुणाचा उच्चार घसरला की म्यूट करून हसणारे आपल्यात कमी नाहीत. कँटनच्या त्या दुकानदाराने व्याकरण मोडलं, हे खरं. पण शिकवायला कुणी नसताना त्याने सौदा पूर्ण केला, आणि जगभरच्या अशा बोलींना आज त्याच्याच उच्चाराचं नाव आहे.